किती, कुठे आणि कुणाचे : दोन भाषांच्या सीमेवरून जाणाऱ्या ॲरेचा इतिहास



आजचा विषय नाव ऐकून कोरडा वाटेल. मॅनेज्ड कोडमधून नेटिव्ह लायब्ररीतले फंक्शन बोलवायचे आणि त्याच्या हातात ॲरे द्यायचा, एवढाच तो विषय. समोर प्रोग्रॅमिंग करणारी तरुण मंडळी बसली आहेत, त्यांचे हे रोजचे शब्द. बाकीच्यांसाठी आधी शब्द सोडवून घेऊ, म्हणजे पुढचा रस्ता सगळ्यांना एकत्र चालता येईल.

ॲरे म्हणजे एकाच जातीच्या गोष्टींची सलग रांग. जुलै महिन्याच्या ३१ दिवसांचा पाऊस मिलिमीटरमध्ये ओळीने लिहून ठेवला, की झाला ३१ आकड्यांचा ॲरे. नेटिव्ह कोड म्हणजे यंत्राच्या आज्ञांमध्ये आधीच उतरवलेला कोड, बहुधा सी, सी प्लस प्लस किंवा फोर्ट्रानमध्ये लिहिलेला. तो मेमरीच्या पत्त्यांशी थेट व्यवहार करतो. मॅनेज्ड कोड हा कुणाच्या तरी देखरेखीखाली चालतो. जावाचे व्हर्च्युअल मशीन किंवा डॉटनेटचा रनटाइम ही ती देखरेख करणारी मंडळी. रांगेत ३१ जागा असताना तुम्ही बत्तिसावी मागितली, तर रनटाइम तुम्हाला तिथेच अडवतो. मेमरी वापरून झाली की झाडलोटही तोच करतो.

मग देखरेखीतले सुरक्षित घर सोडून बाहेर जायचेच कशाला? कारण बरीचशी शहाणी माणसे बाहेर राहतात. समीकरणे सोडवणारी लॅपॅक ही लायब्ररी १९९२ मध्ये फोर्ट्रानमध्ये आली आणि आजही तिला पर्याय शोधण्याची कुणाला फारशी गरज वाटत नाही. पुण्याच्या आयआयटीएममध्ये मान्सूनच्या अंदाजासाठी जे सीएफएस मॉडेल वापरले गेले, तेही फोर्ट्रानमधले. ऑपरेटिंग सिस्टीम, ध्वनी, चित्रे, गुप्तलेखन ही सगळी कामे करणारा कोड मुख्यतः सी-मधला. तो फेकून देऊन नव्याने लिहिणे शहाणपणाचे नाही आणि परवडणारेही नाही. म्हणून सीमा ओलांडावी लागते.

सीमा ओलांडताना एक गोष्ट घडते, आणि आजचे सगळे व्याख्यान त्या एका गोष्टीवर आहे. मॅनेज्ड बाजूला ॲरे स्वतःची लांबी स्वतःजवळ बाळगून असतो. तो सीमेपलीकडे गेला की पलीकडच्याच्या हाती उरतो फक्त एक पत्ता, म्हणजे पहिला आकडा मेमरीत कुठे आहे तेवढेच. गावाकडच्या माणसाला हे चटकन कळेल. तुम्ही गट नंबर सांगितलात, पण क्षेत्र सांगितले नाहीत. नांगर धरणाऱ्याला शेत कुठे सुरू होते ते माहीत आहे, बांध कुठे आहे ते माहीत नाही. तो नांगरत जाईल तो शेजाऱ्याच्या पिकात.

तेव्हा तीन प्रश्न उभे राहतात. किती? कुठे? आणि कुणाचे? या तीन प्रश्नांची उत्तरे कुणी, कधी आणि का बदलली, हाच या विषयाचा इतिहास आहे.

पहिला प्रश्न : किती?

सुरुवात १९५७ पासून करू. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने ७०४ या यंत्रासाठी फोर्ट्रान तयार केली. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, फोर्ट्रान-२ आली आणि तिच्यासोबत स्वतंत्रपणे कंपाइल होणाऱ्या सबरूटीन आल्या. हा मोठा बदल होता, बरं का. एका माणसाने सबरूटीन लिहायची, दुसऱ्याने ती न वाचता वापरायची, हे शक्य झाले. आणि त्याच क्षणी आपला प्रश्न जन्माला आला. कारण बोलवणारा कोड आणि बोलवला जाणारा कोड वेगवेगळ्या वेळी कंपाइल होतात, एकमेकांना पाहत नाहीत. ॲरे द्यायचा म्हणजे त्याचा पत्ता द्यायचा, हे ठरले. लांबीचे काय? ती वेगळा आकडा म्हणून सोबत द्यायची.

१९७९ मध्ये लॉसन, हॅन्सन, किनकेड आणि क्रॉ यांनी बीएलएएस नावाचा मूलभूत सबरूटीनांचा संच प्रसिद्ध केला. त्यातल्या सॅक्सपी या सबरूटीनला सहा गोष्टी द्याव्या लागतात. ॲरे त्यातले दोनच. उरलेल्या चारांपैकी एक गुणक आहे, एक लांबी आहे आणि दोन आकडे कोणत्या ॲरेत किती उड्या मारत पुढे जायचे ते सांगतात. नंतर आलेल्या, दोन मॅट्रिक्सचा गुणाकार करणाऱ्या डीजेम या सबरूटीनला तर तेरा गोष्टी लागतात. त्यात मॅट्रिक्स तीन, बाकी बहुतेक सगळे त्या तिघांचे मोजमाप आणि आकार सांगणारे. म्हणजे वस्तूबद्दलचे ज्ञान वस्तूपासून सोडवून वेगळ्या गाठोड्यात बांधले आणि दोन्ही गाठोडी एकाच वेळी पोहोचतील या भरवशावर गाडी सोडली.

त्या काळातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. सबरूटीनच्या आत आलेल्या ॲरेची काहीतरी लांबी जाहीर करावी लागे. खरी लांबी तर माहीत नसे. मग लोक सरळ १ लिहीत. जाहीर केला एक आकडा, आत वापरले हजार! फोर्ट्रान ७७ ने या रिवाजाला सन्मानाने निरोप दिला आणि त्या जागी तारांकित चिन्ह लिहायची सोय केली. अर्थ एवढाच, की लांबी किती ते आम्हाला ठाऊक नाही, बोलवणाऱ्याला ठाऊक असेल.

याच्या नेमका उलटा विचारही त्याच काळात चालू होता. टोनी होअर यांनी एलियट ब्रदर्स या ब्रिटिश कंपनीत अल्गोल ६० चा कंपाइलर केला. त्यात ॲरेची जागा प्रत्येक वेळी तपासली जाई. वेगासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय हवी का, असे त्यांनी ग्राहकांना विचारले, तर ग्राहकांनी एकमुखाने नको म्हटले. चुका किती होतात हे त्यांना अनुभवाने कळले होते. होअर यांनी ही हकीकत १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितली. एवढ्या वर्षांनंतरही भाषा बनवणारे आणि वापरणारे हा धडा शिकलेले नाहीत, ही त्यांची तक्रार होती.

निकलाउस विर्ट यांची पास्कल १९७० मध्ये आली. विर्ट यांनी लांबीला थेट ॲरेच्या जातीतच बसवले. दहा आकड्यांचा ॲरे ही एक जात, वीस आकड्यांचा ही दुसरी. तर्काला हे स्वच्छ दिसते. पण व्यवहारात काय झाले? दहा आकड्यांची बेरीज करणारे फंक्शन वीस आकड्यांना चालेना. १९८१ मध्ये ब्रायन कर्निगन यांनी पास्कल आपल्याला का आवडत नाही यावर एक निबंध लिहिला, त्यात हीच त्यांची मुख्य हरकत होती. १९८३ च्या आयएसओ मानकाने कन्फॉर्मंट ॲरे नावाची पळवाट दिली, पण तीही ऐच्छिक पातळीवर.

आणि सी? बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांच्यासमोर बीसीपीएल आणि बी या पूर्वज भाषा होत्या. त्यांत ॲरेचे नाव म्हणजे एक वेगळा कप्पा असे आणि त्या कप्प्यात खऱ्या रांगेचा पत्ता ठेवलेला असे. रिचींनी तो कप्पाच काढून टाकला. ॲरेचे नाव वापरले की त्या क्षणी त्यातून पहिल्या घटकाचा पत्ता तयार होतो, असा नियम त्यांनी केला. भाषेच्या उत्क्रांतीत ही निर्णायक उडी होती, असे त्यांनीच पुढे १९९३ मध्ये लिहिले आहे. नियम देखणा आहे. एका बाणात त्याने अनेक गोष्टी साधल्या. पण फंक्शनच्या दारात आल्यावर ॲरेचा ॲरेपणा संपतो आणि उरतो फक्त पत्ता. आत बसून तुम्ही आकार विचारलात, तर उत्तर मिळते पत्त्याच्या आकाराचे, रांगेच्या आकाराचे नाही.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. त्यामुळे इथे वैशेषिकांची आठवण होते, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. संख्या हा वैशेषिकांच्या मते द्रव्याच्या ठायी राहणारा गुण आहे. पण एकाच्या पुढच्या संख्या, द्वित्वापासून पुढे सगळ्या, कशा उत्पन्न होतात? तर पाहणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीतून. हे एक, आणि हे एक, अशी जाणीव असेल तोवर दोनपणा आहे. ती अपेक्षाबुद्धी नष्ट झाली की दोनपणाही नष्ट होतो. आता सी-कडे बघा. तिथे रांगेची लांबी रांगेत नाही, ती लिहिणाऱ्याच्या बुद्धीत आहे. लिहिणारा नोकरी सोडून गेला, कागदपत्रे हरवली, की आकडे तसेच पडून राहतात आणि ते किती आहेत हे सांगणारे कुणी उरत नाही.

त्याची किंमत काय मोजावी लागली ते दोन तारखांत सांगतो. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस यांचा वर्म इंटरनेटवर पसरला. त्याच्या अनेक वाटांपैकी एक वाट फिंगर सेवेतून जात होती. तिथे ५१२ बाइटांची जागा ठेवली होती आणि वाचणाऱ्या गेट्स या फंक्शनला फक्त पत्ता दिला होता. वर्मने ५३६ बाइट पाठवले. बांध कोरला गेला. त्या गेट्स फंक्शनला सी-च्या मानकातून काढून टाकायला २०११ साल उजाडावे लागले. दुसरी तारीख ७ एप्रिल २०१४, हार्टब्लीड. ओपनएसएसएलमध्ये समोरच्याने थोडासा मजकूर पाठवायचा, त्याची लांबीही सांगायची आणि सर्व्हरने तेवढाच मजकूर परत करायचा, अशी व्यवस्था होती. सांगितलेली लांबी आणि खरी लांबी जुळते का, हे पाहायचे राहिले. मग मजकूर चिमूटभर पाठवून लांबी मोठी सांगणाऱ्याला एका खेपेला ६४ केबीपर्यंत शेजारची मेमरी मिळू लागली. तिथे पासवर्ड असू शकत होते, गुप्त किल्ल्या असू शकत होत्या. दोन्ही वेळा रोग एकच. लांबी वस्तूपासून तुटलेली.

दुसरा प्रश्न : कुठे?

पत्ता दिला, लांबीही खरी दिली. आता तरी निर्धास्त व्हावे की नाही? नाही. कारण मॅनेज्ड जगात घरे जागा बदलतात.

याचे मूळ लिस्पमध्ये आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९६० च्या निबंधात अशी कल्पना मांडली, की वापरात नसलेली मेमरी यंत्राने आपणहून ओळखावी आणि परत घ्यावी. हेच गार्बेज कलेक्शन. पण नुसते परत घेत राहिले की मोकळ्या जागांचे तुकडे होतात. म्हणून जिवंत वस्तू उचलून एकीकडे सलग रचून ठेवण्याच्या पद्धती निघाल्या. मार्विन मिन्स्की यांनी १९६३ मध्ये तसे सुचवले, फेनिशेल आणि योचेल्सन यांनी १९६९ मध्ये आणि चेनी यांनी १९७० मध्ये ते सुटसुटीत केले. आजच्या जावात आणि डॉटनेटमध्ये याच कल्पनेचे वंशज काम करतात.

आता कल्पना करा. तुमच्या पावसाच्या आकड्यांचा पत्ता घेऊन नेटिव्ह फंक्शन काम करत आहे. तेवढ्यात झाडलोट सुरू झाली आणि ॲरे उचलून दुसरीकडे ठेवला गेला. मॅनेज्ड बाजूच्या सगळ्या नोंदी रनटाइम दुरुस्त करतो. पण सीमेपलीकडे गेलेला पत्ता दुरुस्त करायला त्याला कोण सांगणार? पलीकडचा माणूस जुन्या घराच्या दारात पत्र टाकत राहतो, तिथे आता दुसरेच बिऱ्हाड आहे.

यावर उपाय दोनच. एक तर नक्कल करून बाहेर ठेवायची आणि नकलेचा पत्ता द्यायचा. किंवा काम होईपर्यंत ॲरेला जागेवर खिळवून ठेवायचे, ज्याला पिनिंग म्हणतात. नकलेला वेळ आणि जागा लागते. खिळवले तर झाडलोट करणाऱ्याच्या वाटेत दगड पडतो. गेल्या तीस वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन उपायांमधली घासाघीस.

जावाची पहिली आवृत्ती, जेडीके १.०, जानेवारी १९९६ ची. तिने नेटिव्ह कोडला जावाच्या वस्तू सी-च्या स्ट्रक्चरसारख्या थेट दाखवल्या. सोपे होते, पण त्यामुळे वस्तू हलवणारा कलेक्टर वापरणे अवघड झाले. १९९७ मध्ये जेडीके १.१ सोबत जेएनआय आले आणि त्याने धोरणच बदलले. आता नेटिव्ह कोडला वस्तू दिसेना, फक्त तिची एक अपारदर्शक खूण मिळू लागली. ॲरेतले आकडे हवे असतील तर रनटाइमकडे रीतसर मागायचे. रनटाइम नक्कल देईल किंवा खिळवून मूळ देईल, ते त्याच्या मर्जीवर. काय दिले ते विचारता येते, पण अमुकच द्या असा हट्ट धरता येत नाही. काम झाले की परत करायचे, आणि परत करताना बदल ठेवायचे की टाकायचे तेही सांगायचे. परत करायला विसरलात तर नक्कल तशीच मेमरी अडवून बसते, किंवा तुम्ही केलेले बदल मूळ ॲरेपर्यंत पोहोचतच नाहीत.

जेडीके १.२ ने याला एक तातडीची खिडकी जोडली. त्या खिडकीतून सहसा मूळ ॲरेच मिळतो, पण तो हातात असेपर्यंत जेएनआयचे दुसरे काही बोलवायचे नाही, कुणाची वाट पाहत थांबायचे नाही. कारण अनेक कलेक्टर तेवढा वेळ झाडलोटच थांबवून ठेवत. जी-वन या जावाच्या नेहमीच्या कलेक्टरला सगळे न थांबवता फक्त तो भाग खिळवता येऊ लागला तो मार्च २०२४ च्या जावा २२ मध्ये. एका वाक्यातली सुधारणा, पंचवीस वर्षांनी आली.

मायक्रोसॉफ्टने याच काळात वेगळा रस्ता धरला. त्यांच्या व्हिज्युअल जे प्लस प्लसमध्ये जे-डायरेक्ट नावाची सोय होती. फंक्शनच्या वर एका विशेष टिप्पणीत डीएलएलचे नाव लिहायचे, बाकी जोडणी रनटाइम करील. मधला सी-चा थर लिहायची गरज नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये सनने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. जेएनआय न देणे हा त्यातल्या तक्रारींपैकी एक मुद्दा. वरवर तांत्रिक दिसणारी ही सीमा म्हणजे बाजारातली सत्ताही होती, हे इथे लक्षात येते. ती कशी ओलांडायची हे जो ठरवतो, तो प्रोग्रॅम कोणत्या यंत्रावर चालेल हेही ठरवतो. जानेवारी २००१ मध्ये तडजोड झाली. पण तोवर जे-डायरेक्टची कल्पना नव्या घरी गेली होती. जे प्लस प्लसवर काम केलेले आंद्रेस हेल्सबर्ग आता सी-शार्पचे मुख्य रचनाकार होते. तरुणपणी टर्बो पास्कल लिहिणारे तेच हे हेल्सबर्ग. म्हणजे पास्कलच्या घराण्यातला माणूस सी-च्या शेजाऱ्याशी सोयरीक जुळवायला बसला.

डॉटनेटचा करारनामा

फेब्रुवारी २००२ मध्ये डॉटनेट फ्रेमवर्क १.० आले. त्यातल्या पी-इन्व्होक सोयीत तुम्ही बाहेरच्या फंक्शनचे नुसते वर्णन लिहिता. कोणत्या डीएलएलमध्ये, कोणत्या नावाने, कोणत्या प्रकारचे काय काय घेते. मग मार्शलर नावाचा मध्यस्थ दोन्ही बाजूंची देवाणघेवाण करतो. मार्शलिंग म्हणजे रांगेत नीट मांडून पाठवणे. दूरच्या यंत्रावरचे फंक्शन बोलवण्याच्या तंत्रात हा शब्द आधीपासून रुळलेला होता. बिरेल आणि नेल्सन यांचा १९८४ चा निबंध त्या तंत्राचा पाया मानतात.

इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे, ती नीट समजून घेऊ. ज्या प्रकारांची मांडणी दोन्हीकडे बाइटन् बाइट सारखी असते, उदाहरणार्थ साधे पूर्णांक किंवा दशांश आकडे, त्यांना ब्लिटेबल म्हणतात. अशांचा एकमितीय ॲरे दिला तर मार्शलर नक्कल करत नाही, खिळवतो आणि मूळ पत्ता देतो. त्यामुळे नेटिव्ह फंक्शनने केलेले बदल तुम्हाला आपोआप दिसतात. पण नियमाप्रमाणे असा ॲरे फक्त आत जाण्यासाठी आहे. बदल परत हवे असतील तर तसे जाहीर करायला हवे. पूर्णांकांच्या बाबतीत लोक जाहीर करत नाहीत आणि काम चालून जाते. मग एक दिवस तोच कोड ब्लिटेबल नसलेल्या प्रकारावर चालवला जातो, नक्कल आत जाते, बदल नकलेवर होतात, नक्कल फेकली जाते. कुठेही तक्रार नाही. उत्तर मात्र चुकीचे. करार न वाचता सवयीवर चालणाऱ्याचे असे होते.

बूलचे उदाहरण घ्या. डॉटनेटमधला बूल मेमरीत एका बाइटाचा. विंडोजच्या जुन्या एपीआयमधला बूल चार बाइटांचा. मार्शलर वेगळे काही सांगितले नाही तर चार बाइटांचा धरतो. आता समोरची लायब्ररी सी प्लस प्लसची आहे आणि तिचा बूल एका बाइटाचा आहे, असे समजा. तुम्ही आठ होकार पाठवलेत. तिला दिसतात होकार, नकार, नकार, नकार, पुन्हा होकार आणि पुन्हा तीन नकार. आठातले दोनच होकार पोहोचले! प्रोग्रॅम मोडून पडला असता तर बरे, निदान कळले असते. तसेच लाँग या शब्दाचे. सी-शार्प आणि जावात तो नेहमी आठ बाइटांचा. सी-मध्ये ६४ बिटांच्या विंडोजवर चार बाइटांचा, ६४ बिटांच्या लिनक्सवर आठचा. नाव एक, माप वेगळे. पूर्वी प्रांतागणिक शेर वेगळा असे, त्यातलाच हा प्रकार.

मॅट्रिक्स पाठवताना आणखी एक पेच. फोर्ट्रान तक्ता स्तंभांप्रमाणे साठवते, सी आणि सी-शार्प ओळींप्रमाणे. सी-शार्पमधला चौकोनी ॲरे तसाच लॅपॅकला दिला तर तिला आडव्याचा उभा झालेला तक्ता मिळतो. सममित तक्ता असेल तर फरक कळणारही नाही, म्हणजे चाचणीत पास आणि खऱ्या कामात नापास. सी-साठी केलेल्या सीबीएलएएस या आवृत्तीत म्हणून पहिलाच आकडा मांडणी सांगणारा असतो, १०१ म्हणजे ओळींप्रमाणे, १०२ म्हणजे स्तंभांप्रमाणे. आणि ॲरेच्या आत ॲरे असा खाचाखाचांचा प्रकार असेल तर डॉटनेटचा मार्शलर हात जोडतो. तो पाठवण्याची सोयच नाही.

लांबीचे काय केले? बाहेरून ॲरे येणार असेल तर तो किती मोठा, हे मार्शलरला तुम्ही सांगायचे. साइझ-पॅरम-इंडेक्स नावाच्या सोयीत असे लिहिता येते, की अमुक क्रमांकाच्या पॅरामीटरमध्ये या ॲरेची लांबी आहे. क्रमांक शून्यापासून मोजायचे. म्हणजे दोन वेगळ्या गाठोड्यांमध्ये निदान एक दोरी बांधली गेली. बीएलएएसच्या काळात हे नाते फक्त पुस्तिकेत लिहिलेले असे, आता ते यंत्राला वाचता येऊ लागले. ही दोरी काही डॉटनेटनेच पहिल्यांदा बांधली असे नाही. दूरच्या फंक्शनांच्या वर्णनभाषेत साइझ-इज नावाची तशीच खूण होती. व्हिज्युअल बेसिकच्या सेफ-ॲरेमध्ये तर मिती, सीमा, घटकाचा आकार आणि किती जणांनी कुलूप घातले आहे, हे सगळे ॲरेसोबतच प्रवास करत असे. पण सी-च्या साध्या फंक्शनला तो सगळा सरंजाम नको असे. म्हणून बेसिकवाले काय करत? ॲरेचा पहिला घटक संदर्भाने देत. पुन्हा आपला गट नंबर, क्षेत्राविना.

तिसरा प्रश्न : कुणाचे?

हा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो. पी-इन्व्होकमध्ये ॲरे खिळलेला असतो तो फंक्शन परत येईपर्यंतच. पण काही फंक्शने परत येतात आणि पत्ता मात्र जवळ ठेवतात. विंडोजमध्ये आवाज रेकॉर्ड करण्यासाठी वेव्ह-इन-ॲड-बफर नावाचे फंक्शन आहे. त्याला रिकामी जागा दिली की ते लगेच परत येते. आवाज त्या जागेत नंतर भरला जातो. साधा मॅनेज्ड ॲरे देऊन तुम्ही निवांत झालात, की खिळा निघाला, ॲरे हलला, आणि आवाज भलत्याच वस्तूवर लिहिला गेला. प्रोग्रॅम तिथे पडत नाही, पाच मिनिटांनी दुसरीकडेच कुठेतरी पडतो. म्हणून अशा वेळी जीसी-हँडल घेऊन आपणहून खिळवावे लागते आणि आपणहून सोडावे लागते. फार काळ खिळवायच्या वस्तूंसाठी २०२० च्या डॉटनेट ५ मध्ये वेगळी वस्तीच करून दिली, म्हणजे बाकीच्यांच्या झाडलोटीत त्यांचा अडथळा नको.

उलट दिशेनेही तेच. नेटिव्ह फंक्शनने मेमरी घेऊन, भरून, पत्ता तुमच्या हाती दिला. आता ती मोकळी कुणी करायची? आणि कोणत्या पद्धतीने? विंडोजवर डॉटनेटचा मार्शलर असे धरून चालतो, की ती कॉमच्या ठरलेल्या पद्धतीने घेतलेली आहे, आणि त्याच पद्धतीने सोडतो. लायब्ररीने सी-च्या मॅलॉकने घेतली असेल तर एकाच्या तिजोरीतून काढलेले दुसऱ्याच्या तिजोरीत भरल्यासारखे होते. मालकी ही मेमरीच्या बाइटांत कुठेच दिसत नाही. ती फक्त करारात असते.

अलीकडची वळणे

२००९ मध्ये डी भाषेचे कर्ते वॉल्टर ब्राइट यांनी सी-ची सर्वांत मोठी चूक कोणती यावर लेख लिहिला, आणि ॲरे फंक्शनला देताना त्याची लांबी गळते, ही ती चूक असे सांगितले. पत्ता आणि लांबी यांची जोडगोळी करून ती एकच वस्तू म्हणून फिरवा, हा त्यांचा उपाय. २०१८ मध्ये डॉटनेट कोअर २.१ सोबत आलेला स्पॅन हा प्रकार अशीच जोडगोळी आहे. मेमरी मॅनेज्ड असो वा नेटिव्ह, स्पॅन दोन्हीकडे सारखाच चालतो आणि बांध तपासतो. २०२२ च्या डॉटनेट ७ ने मार्शलरचे काम प्रोग्रॅम चालताना करण्याऐवजी आधीच कोड लिहून करण्याची सोय दिली. तो कोड उघडून वाचता येतो. आधी जे पडद्याआड होई ते समोर आले.

जावाने तर जेएनआयला पर्याय म्हणून संपूर्ण नवी व्यवस्था आणली. ती जावा २२ मध्ये पक्की झाली. तिथे मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला लांबी आहे, आयुष्य आहे, आणि हवे असल्यास कोणत्या थ्रेडने हात लावायचा याचेही बंधन आहे. आपल्या तीनही प्रश्नांना तिथे जागा मिळाली. पण त्यातली एक बारीक गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. सी-च्या फंक्शनकडून नुसता पत्ता परत आला, तर जावा त्याची लांबी शून्य धरते. तुम्ही तो ठेवू शकता, दुसऱ्याला देऊ शकता, पण आत डोकावू शकत नाही. आत पाहायचे असेल तर लांबी किती, हे तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर सांगायचे, आणि ती क्रिया जोखमीची म्हणून वेगळी नोंदलेली आहे. जुन्या फोर्ट्रानच्या मंडळींनी माहीत नसलेल्या लांबीच्या जागी १ लिहून पुढे जायचे ठरवले होते. इथे यंत्र म्हणते, मला माहीत नाही, आणि थांबते. ज्ञानमीमांसेत आम्ही विद्यार्थ्यांना संशय आणि निश्चय यांतला फरक वर्षानुवर्षे शिकवला. तो इथे एका प्रोग्रॅमिंगच्या सोयीत रुजलेला दिसतो.

मग आता प्रश्न मिटला का? तरुण मित्र हे विचारतील, आणि विचारायलाच हवे. नाही मिटला. स्पॅन असो की जावाचा नवा तुकडा, सीमेच्या दारात शेवटी पत्ता आणि लांबी पुन्हा सुटे होऊनच सी-च्या फंक्शनला द्यावे लागतात. त्या फंक्शनच्या वर्णनात तुम्ही चुकीचा पॅरामीटर दाखवलात, चार बाइटांच्या जागी आठ लिहिलेत, तर कोणताही रनटाइम तुम्हाला वाचवू शकत नाही. करार खरा की खोटा, हे पलीकडचा कोड पाहिल्याशिवाय ठरत नाही, आणि पलीकडे रनटाइमची नजर पोहोचत नाही.

म्हणून यातून घ्यायचे काय, ते व्यवहारातल्या शब्दांत सांगून थांबतो. अशी जोडणी लिहिताना कागदावर प्रत्येक ॲरेपुढे आधी उत्तरे लिहा. किती घटक, आणि तो आकडा घटकांचा की बाइटांचा? एका घटकाचे माप दोन्हीकडे तेवढेच आहे का? तक्ता असेल तर ओळींप्रमाणे की स्तंभांप्रमाणे? आत फक्त वाचले जाणार की लिहिलेही जाणार? फंक्शन परत आल्यावर पत्ता कुणाकडे राहणार? शेवटी मोकळे कोण करणार? मग सगळे होकार नसलेला, सममित नसलेला, लांबी विषम असलेला असा मुद्दाम वाकडा ॲरे देऊन तपासा. सरळ उदाहरणे सगळ्या चुका पोटात घालतात, हे आपण पाहिलेच. आणि हा कागद कोडसोबतच ठेवा. ज्याच्या डोक्यात लांबी होती तो माणूस निघून गेल्यावर पुढच्याला तो कागदच उपयोगी पडेल.

 आता प्रश्न घेऊ.